पक तोच राहिला पाहिजे

आइस हॉकीचा पक म्हणजे व्हल्कनाइझ केलेल्या काळ्या रबराची चकती. व्यास ३ इंच, जाडी १ इंच, वजन १५६ ते १७० ग्रॅम. सामन्याआधी ती गोठवून ठेवतात, कारण गार रबर कमी उसळतं आणि बर्फावरून सपाट सरकतं. बर्फाचं मैदान, म्हणजे रिंक, उत्तर अमेरिकेत २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असतं. त्यावर दोन्ही संघांचे मिळून बारा खेळाडू पोलादी पात्यांच्या स्केट्सवर धावत असतात. जोरकस फटका ताशी १०० मैलांच्या, म्हणजे १६० किलोमीटरच्या घरात जातो. बर्फावर आखलेल्या निळ्या रेषेवरून असा फटका बसला, तर ६४ फुटांवरची गोलरेषा गाठायला पकाला अर्धा सेकंदही लागत नाही.

इतकी लहान आणि चपळ वस्तू नजरेने पकडणं रिंकच्या कडेला बसलेल्यालाही जड जातं. मुरलेला प्रेक्षक सगळा वेळ पकाचा पाठलाग करत नाही. खेळाडूंचे खांदे कुणीकडे वळले, गोलरक्षक कुठे सरकला, यावरून तो पकाची जागा ताडतो. दूरचित्रवाणीवर हा आधार तुटतो. पडद्यावर मैदानाचा एक तुकडाच दिसतो आणि पक कॅमेऱ्याच्या बाजूच्या कठड्याला लागून सरकला, की तो कठड्याआडच जातो. पूर्वीच्या लहान, पुसट चित्राच्या संचांवर तर नवख्या माणसाला खेळाडूंची धावपळ दिसायची. ती कशासाठी चालली आहे, ते दिसायचं नाही.

यावर उपाय म्हणून उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, पकाच्या पोटात इलेक्ट्रॉनिक्स बसवण्याचा मोठा प्रयोग दोनदा झाला. एकदा १९९६ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये. मधल्या पंचवीस वर्षांत संगणक, कॅमेरे, बॅटऱ्या सगळं बदललं. तरी दोन्ही वेळा गाडी एकाच जागी अडली: पक पकासारखा वागतो आहे का? खेळाचं मोजमाप घेणाऱ्या प्रत्येकाने या प्रश्नापाशी थांबायला हवं, असं मला वाटतं.

निळं वलय

१९९४ मध्ये फॉक्स या अमेरिकी वाहिनीने एनएचएलच्या प्रक्षेपणाचे हक्क मिळवले. कॅनडात हॉकी घराघरांत मुरलेली होती. अमेरिकेच्या मोठ्या भागात मात्र प्रेक्षक नव्याने जोडायचा होता आणि त्याची पहिली तक्रार ठरलेली होती: पक दिसत नाही. फॉक्सच्या क्रीडा विभागाचे प्रमुख डेव्हिड हिल यांच्या काळात हे काम स्टॅन हनी यांच्याकडे आलं. हनी अभियंते होते, तसेच शिडाच्या शर्यतींतले नावाजलेले दिशादर्शक. १९८० च्या दशकात त्यांच्या ईटॅक कंपनीने मोटारीत नकाशा दाखवणारं उपकरण बाजारात आणलं होतं. जीपीएस सामान्य माणसाच्या हाती येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. हलत्या वस्तूची नेमकी जागा सांगणं हा त्यांचा जुना ध्यास होता.

हनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक मधोमध कापला. आत छोटं सर्किट आणि बॅटरी बसवली. कडेला, वर आणि खाली मिळून वीस अवरक्त दिवे लावले आणि दोन्ही अर्धुकं पुन्हा चिकटवली. काठीचा दणका बसला, की आतला संवेदक जागा होई आणि दिवे लुकलुकू लागत. अवरक्त किरण माणसाच्या डोळ्याला दिसत नाहीत, त्यामुळे खेळाडूंच्या दृष्टीने पक काळाच राहिला. छताजवळच्या खास कॅमेऱ्यांना मात्र ते दिसत.

खरी हुशारी पुढे होती. रिंकमध्ये प्रखर दिवे असतात आणि बर्फ प्रकाश परावर्तित करतो. त्या झगमगाटात एक बारीक स्पंदन कसं ओळखायचं? त्यासाठी कॅमेऱ्यांची झडप पकाच्या स्पंदनाशी जुळवली होती. दिवा लागेल त्याच क्षणी झडप उघडायची आणि लगेच मिटायची. वेगवेगळ्या कोनांतून एकच ठिणगी दिसली, की भूमितीने तिची जागा काढता येते. पण ती जागा पडद्यावर दाखवायची, तर प्रक्षेपणाचा कॅमेरा त्या क्षणी किती वळला आहे, किती कलला आहे आणि त्याने दृश्य किती जवळ ओढलं आहे, हेही माहीत हवं. म्हणून त्या कॅमेऱ्यांवरही संवेदक बसवले होते. स्टेडियमबाहेर उभ्या असलेल्या ट्रकमधले संगणक हा सगळा हिशेब करत आणि पकाभोवती निळसर वलय रंगवत. वेग ताशी ७० मैलांच्या वर गेला, की पकामागे लाल शेपूट उमटे.

२० जानेवारी १९९६ रोजी बॉस्टनमधल्या ऑल-स्टार, म्हणजे निवडक खेळाडूंच्या, सामन्यात हे पहिल्यांदा दिसलं. 'फॉक्सट्रॅक्स' हे त्याचं नाव. नवख्या प्रेक्षकांतल्या बऱ्याच जणांना ते आवडलं. जुने रसिक संतापले; आपल्या खेळाचा व्हिडिओ गेम केला, अशी त्यांची भावना झाली. खेळाडूंची तक्रार वेगळी आणि जास्त गंभीर होती. हा पक नेहमीसारखा उसळत नाही, असं ते म्हणत. वजन आणि तोल राखण्याची काळजी घेतलेली होती. तरी रबराच्या सलग चकतीची आणि पोटात सर्किट असलेल्या चकतीची घडण सारखी असू शकत नाही. शिवाय बॅटरी जेमतेम दहा मिनिटं टिके, त्यामुळे पक सारखे बदलावे लागत. १९९८ च्या स्टॅनली कप, म्हणजे एनएचएल विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत हे वलय शेवटचं दिसलं. पुढे प्रक्षेपणाचे हक्क दुसऱ्या वाहिनीकडे गेले आणि फॉक्सट्रॅक्स इतिहासजमा झालं.

त्यातली विद्या मात्र वाया गेली नाही. हनी यांनी सहकाऱ्यांसह १९९८ मध्ये स्पोर्टव्हिजन ही कंपनी काढली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकन फुटबॉलच्या प्रक्षेपणात तिची पिवळी रेषा अवतरली. चेंडू कुठवर नेला म्हणजे संघाला पुढच्या संधी मिळतील, ते दाखवणारी ही रेषा मैदानावर नसते. फक्त पडद्यावर दिसते. कॅमेऱ्याचा कोन आणि दृश्याचा आवाका मोजण्याचं गणित तेच होतं. तरी वलय नाकारलं गेलं आणि रेषा इतकी रुळली, की तिच्याशिवाय सामना अपुरा वाटू लागला. माझ्या मते याचं कारण सरळ आहे. रेषेसाठी चेंडूला हात लावावा लागला नाही, आणि प्रेक्षकाला जे दिसणं शक्यच नव्हतं ते तिने दाखवलं.

पंचवीस वर्षांनंतर

दुसरा प्रयत्न लीगने स्वतः केला. जानेवारी २०१९ मध्ये पक आणि खेळाडू या दोघांचाही माग काढणाऱ्या प्रणालीच्या चाचण्या झाल्या, त्यात सॅन होसेच्या ऑल-स्टार सामन्याचाही समावेश होता. पुढे हे काम एसएमटी या कंपनीकडे आलं. याच एसएमटीने २०१६ मध्ये स्पोर्टव्हिजन विकत घेतली होती. म्हणजे निळ्या वलयाचा वारसा पंचवीस वर्षांनी पुन्हा बर्फावर उतरला.

या वेळी पडद्यावर वलय दाखवणं हा हेतू नव्हता. पकात अवरक्त दिवे होते, प्रत्येक खेळाडूच्या खांद्यापाशी एक छोटी पट्टी होती आणि छताजवळ संवेदकांचं कडं होतं. पकाची जागा सेकंदाला ६० वेळा आणि खेळाडूची १५ वेळा नोंदली जाणार होती. बारा खेळाडूंच्या १८० आणि पकाच्या ६०, अशा सेकंदाला २४० नोंदी. साठ मिनिटांच्या सामन्यात साडेआठ लाखांहून अधिक.

१३ जानेवारी २०२१ ला हंगाम सुरू झाला आणि काही दिवसांतच नवे पक मागे घ्यावे लागले. ते नीट सरकत नाहीत, अशा तक्रारी आल्या होत्या. पकांच्या पहिल्या खेपेला पूर्वीच्या पकांइतकं अचूक अंतिम संस्करण मिळालं नव्हतं, असं लीगने सांगितलं. संवेदक ठीक होते आणि आकडेही येत होते. उणीव पकाच्या घडणीत राहिली होती. दुरुस्त पक काही आठवड्यांनी परत आले. खेळ थांबला नाही, कारण दरम्यान साधे रबरी पक वापरात होते.

मराठी वाचकाला याचं जवळचं उदाहरण क्रिकेटमध्ये सापडेल. २०१९ च्या विश्वचषकात दिवे लागणाऱ्या बेल्स वापरात होत्या. ९ जूनला ओव्हलवर जसप्रीत बुमराहचा चेंडू डेव्हिड वॉर्नरच्या यष्टीवर आदळला, पण बेल्स पडल्याच नाहीत. त्या स्पर्धेत असं अनेकदा झालं आणि आतल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे बेल्स जड झाल्या आहेत का, यावर रान उठलं. बेल्सचं वजन मर्यादेतच असल्याचं निर्मात्यांचं म्हणणं होतं. कोण बरोबर, याहून मला महत्त्वाचा वाटतो तो खेळाडूच्या मनातला संशय. खेळाच्या साधनात यंत्र शिरलं, की ते साधन पूर्वीचंच आहे याची खात्री पटवून देणं ही यंत्र बसवणाऱ्याची जबाबदारी असते.

मोजमाप खेळाच्या आड न येता कसं करता येतं, याचा उत्तम नमुनाही एनएचएलमध्येच आहे. पक गोठणबिंदूच्या वर तापला, की तो उसळू लागतो. पण तो तापला हे पंचांना कळायचं कसं? १ जानेवारी २०१९ च्या विंटर क्लासिक या उघड्यावरच्या सामन्यात पकावरच्या चिन्हाला तापमानाप्रमाणे रंग बदलणारा लेप दिला होता. थंड असताना तो जांभळा दिसतो आणि पक तापला की रंग उडून जातो. रंग गेला, की पंच पक बदलतात. बॅटरी नाही, संवेदक नाही, वजनात फरक नाही. पुढच्या हंगामापासून हे पक नेहमीच्या सामन्यांत आले.

आकडे काय सांगतात

ऑक्टोबर २०२३ मध्ये लीगने 'एनएचएल एज' या नावाने ही आकडेवारी सर्वांसाठी खुली केली. खेळाडू किती अंतर धावला, त्याचा सर्वाधिक वेग किती होता, ताशी २० मैलांचा टप्पा त्याने किती वेळा ओलांडला, संघाने प्रतिस्पर्ध्याच्या भागात किती वेळ काढला, हे सारं तिथे पाहता येतं. एडमंटनचा कॉनर मॅकडेव्हिड वेगवान आहे, हे सांगायला यंत्र नको. पण तो वेग गाठत असताना पक त्याच्याच काठीवर होता का, किंवा समोरचा बचावपटू किती अंतर राखून मागे सरकत होता, हे उघड्या डोळ्यांनी सांगणं कठीण. प्रशिक्षकाला असं काही कळलं, तर दुसऱ्या दिवशीचा सराव बदलतो.

या नोंदींचा एक वेगळाच उपयोग १४ मार्च २०२३ ला दिसला. न्यूयॉर्क रेंजर्स आणि वॉशिंग्टन कॅपिटल्स यांचा सामना चालू असतानाच लहान मुलांसाठी त्याचं व्यंगचित्र-रूप प्रक्षेपित झालं. 'बिग सिटी ग्रीन्स' या डिस्नेच्या मालिकेतल्या पात्रांची शैली, पण हालचाली खऱ्या खेळाडूंच्या. ज्यांना जुनं प्रक्षेपण हवं होतं, त्यांच्यासाठी ते बाजूला होतंच. फॉक्सट्रॅक्सच्या वेळी अशी निवड नव्हती. वलय सर्वांच्या माथी मारलं गेलं होतं.

या आकड्यांची मर्यादाही समजून घ्यायला हवी. ताशी १०० मैलांनी जाणारा पक सेकंदाच्या साठाव्या भागात सुमारे ७५ सेंटीमीटर पुढे जातो, म्हणजे लागोपाठच्या दोन नोंदींमध्ये तो आपल्या व्यासाच्या जवळजवळ दहापट अंतर कापतो. मधली जागा गणिताने भरावी लागते. शिवाय पक स्केट्सच्या गर्दीत किंवा गोलरक्षकाच्या अंगाखाली गेला, की प्रकाशाची वाट अडते. गोल मात्र तेव्हाच होतो, जेव्हा पक पूर्णपणे रेषेपलीकडे जातो. तिथे प्रश्न मिलिमीटरांचा असतो. म्हणून वादग्रस्त गोल अजूनही कॅमेऱ्याचं चित्र पाहूनच ठरतो आणि टोरांटोतल्या नियंत्रण कक्षात बसलेली माणसं त्यात सहभागी असतात.

माग काढण्यासाठीही लीग आता कॅमेऱ्यांकडे वळली आहे. अलीकडे एनएचएलच्या रिंकमध्ये हॉक-आय कंपनीचे कॅमेरे आले आहेत. ते खेळाडूच्या सांध्यांचा आणि काठीचाही माग काढतात, अंगावर काही न बांधता. हे नाव आपल्या ओळखीचं आहे. पॉल हॉकिन्स यांची ही प्रणाली २००१ मध्ये लॉर्ड्सच्या कसोटीच्या प्रक्षेपणात पहिल्यांदा दिसली. पायचीतच्या निर्णयात तिच्यावर विसंबायला भारतीय क्रिकेट मंडळ कितीतरी वर्षं तयार नव्हतं. २०१६ च्या इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत ते अखेर राजी झालं. २०११ पासून ही कंपनी सोनीकडे आहे.

आकड्यांना आणखी एक बाजू आहे. मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने क्रीडा सट्ट्याला परवानगी देण्याचा मार्ग राज्यांना मोकळा झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एनएचएलने एमजीएम रिसॉर्ट्स या जुगारगृहांच्या कंपनीशी करार केला आणि त्यात माग काढण्याच्या आकडेवारीचाही समावेश होता. खेळाडूच्या अंगावरून निघालेल्या आकड्यांना बाजारभाव आला, तो असा. हा खेळाडू मंदावत चालला आहे, हे पट्टीवरून त्याच्या मालकाला आधी कळलं, तर त्या माहितीवर अधिकार कुणाचा? खेळाडूंच्या संघटनेशी बोलून, लेखी नियमांनीच याचं उत्तर द्यायला हवं.

काठीची क्रांती

मोजणारी यंत्रं खेळापासून दूर राहावीत, पण खेळण्याची साधनं तर बदलतच असतात. हॉकीत हा बदल सगळ्यात ठळक दिसतो तो काठीत. अनेक दशकं ती लाकडाची होती. १९६० च्या दशकात शिकागोच्या स्टॅन मिकिटा आणि बॉबी हल यांनी काठीचं पातं वाकवून खेळायला सुरुवात केली. पक विचित्र वळू लागला आणि गोलरक्षकांचे हाल झाले. शेवटी लीगला वाकेवर मर्यादा घालावी लागली; आज ती पाऊण इंच आहे. पुढे ॲल्युमिनियमच्या दांड्या आल्या आणि २००० च्या सुमारास कार्बन तंतूंची एकसंध काठी आली. जुनी लाकडी काठी अर्ध्या किलोहून जड असे. आजच्या काठ्या ४०० ग्रॅमच्या आतबाहेर आहेत.

फटक्याचं विज्ञान मोठं सुंदर आहे. जोरदार फटका मारताना खेळाडू काठी आधी पकामागच्या बर्फावर आदळतो. काठी धनुष्यासारखी वाकते, ऊर्जा साठवते आणि सरळ होताना ती पकाला देते. काठीचा लवचीकपणा एका अंकाने सांगतात. १०० अंकाची काठी मधोमध एक इंच वाकवायला १०० पौंडांचं बळ लागतं. पूर्वी झाडाच्या रेषांवर अवलंबून असलेली ही लवचीकता आज कारखान्यात ठरवता येते आणि काठी दांड्याच्या कोणत्या भागात वाकावी हेही. म्हणूनच मनगटाच्या छोट्या झटक्याने मारलेला फटकाही आज गोलरक्षकाला चकवतो. २०१२ मध्ये झ्देनो हाराने कौशल्य स्पर्धेत ताशी १०८.८ मैलांचा फटका मारला, तो अशाच काठीने. याची किंमतही आहे. कार्बनची काठी ऐन वेळी ताडकन तुटते आणि तिच्या दरामुळे गरीब घरातल्या मुलाला हा खेळ आणखी महाग होतो.

उशिरा आलेलं शहाणपण

फटके वेगवान होत गेले. ते झेलणाऱ्यांचं संरक्षण मात्र रखडत आलं. १ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये अँडी बाथगेटचा फटका मॉन्ट्रियलचा गोलरक्षक झाक प्लांट याच्या तोंडावर बसला. टाके घालून झाल्यावर त्याने प्रशिक्षकांना बजावलं, की मुखवटा घातल्याशिवाय मी परत उतरणार नाही. तोवर प्रशिक्षक टो ब्लेक यांना मुखवटा मान्य नव्हता. पण राखीव गोलरक्षक ठेवण्याची तेव्हा रीत नव्हती आणि त्यांना मान तुकवावी लागली. त्याच हंगामात मॉन्ट्रियलने स्टॅनली कप जिंकला. मुखवट्याने नजर अडते हा आक्षेप त्यानंतर टिकला नाही.

हेल्मेटची कथा जास्त दुःखद आहे. १३ जानेवारी १९६८ ला मिनेसोटाचा बिल मास्टर्टन मागे पडला, त्याचं उघडं डोकं बर्फावर आपटलं आणि दोन दिवसांनी तो गेला. हेल्मेट सक्तीचं झालं ते १९७९ मध्ये, तेही नव्याने करार करणाऱ्यांपुरतं. शेवटचा बिनहेल्मेटचा खेळाडू क्रेग मॅकटॅव्हिश १९९७ पर्यंत खेळत होता. म्हणजे पकात वीस दिवे बसवले गेले, तेव्हाही एनएचएलमध्ये एक माणूस उघड्या डोक्याने खेळत होता. डोळ्यांपुढची पारदर्शक ढाल नव्या खेळाडूंना २०१३ मध्ये सक्तीची झाली. २८ ऑक्टोबर २०२३ ला इंग्लंडमधल्या शेफिल्डला सामना चालू असताना ॲडम जॉन्सन या खेळाडूच्या गळ्याला स्केटचं पातं लागून त्याचा मृत्यू झाला. मग आंतरराष्ट्रीय महासंघाने आपल्या स्पर्धांत गळापट्टी सक्तीची केली. एनएचएलने ती २०२६-२७ पासून लीगमध्ये नव्याने येणाऱ्यांना लागू करायचं ठरवलं.

आधी अपघात, मग संरक्षण, हा क्रम उलटा व्हायला हवा. पकाचा वेग दाखवणाऱ्या यंत्रासाठी लीग आणि वाहिन्या पैसा, माणसं आणि चिकाटी खर्च करतात. ते चुकलं तर पुन्हा करतात. तशीच घाई गळापट्टीसाठी हवी, आणि जुन्या खेळाडूंना सूट न देता हवी. मोजणाऱ्या यंत्राने खेळाला धक्का लावू नये, म्हणून तिथे थांबून तपासणं योग्यच आहे. जीव वाचवणाऱ्या साधनासाठी मात्र पुढच्या अपघाताची वाट पाहण्याचं कोणतंही कारण नाही. खेळ कोणताही असो, त्याच्या संचालकांना आपण प्रेक्षकांनी वेगाचे आणि अंतराचे आकडे मागण्याआधी खेळाडूच्या सुरक्षिततेचा हिशेब मागितला पाहिजे.